डॉ. आनंदीबाई जोशी : कोल्हापूर वाट बघत राहिलं त्या डॉक्टर

कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय तुम्हाला माहीत आहेच. संस्थानच्या काळात त्याचं नाव होतं अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. 1886 मध्ये तिथल्या स्त्रियांच्या विभागासाठी संस्थानाने एक डॉक्टर नेमली, आनंदीबाई जोशी. पण त्या कामावर कधी रुजूच होऊ शकल्या नाहीत.

माहेरचं नाव यमुना. जन्म 31 मार्च 1865 चा. नवव्या वर्षी गोपाळराव जोशींशी लग्न झालं, चौदाव्या वर्षी मूल झालं आणि ते दहा दिवसांत गेलं. त्या काळी बायका पुरुष डॉक्टरला दाखवायला लाजायच्या, दुखणं अंगावर काढायच्या. आपणच डॉक्टर व्हायचं, हे आनंदीबाईंनी ठरवलं. गोपाळराव टपाल खात्यात होते. बायकोच्या शिक्षणासाठी त्यांनी कोल्हापुरात पूर्वी राहिलेल्या वाइल्डर या मिशनऱ्यांना पत्र लिहिलं. ते अमेरिकेत छापून आलं, वाचून कार्पेंटरबाईंनी मदतीचा हात पुढे केला. 1883 मध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीने निघाल्या. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय कॉलेजातून 11 मार्च 1886 ला डॉक्टर झाल्या. वय अवघं वीस!

मात्र तब्येत तिकडेच ढासळू लागली होती. क्षय झाला होता.

आता पाठाकडे वळू. आपल्या फुप्फुसांत कोट्यवधी वायुकोश असतात. सगळे उलगडून पसरले तर साधारण 70 चौरस मीटर जागा व्यापतील. म्हणजे छातीच्या पिंजऱ्यात एक बऱ्यापैकी मोठं घर घडी करून ठेवलंय म्हणा ना! वायुकोशाची भिंत इतकी पातळ, की ऑक्सिजन सहज पलीकडच्या केशवाहिनीत उतरतो आणि कार्बन डायऑक्साइड उलटा बाहेर येतो. आत घेतलेल्या हवेत ऑक्सिजन सुमारे 21 टक्के असतो, सोडलेल्या हवेत सुमारे 16 टक्के. मधला रक्ताने उचललेला.

क्षयाचे जंतू नेमका याच पडद्यावर घाव घालतात. वायुकोश नासतात, पोकळ्या पडतात, भरून आलं तरी तिथे जाड व्रण उरतो, आणि त्यातून वायू आरपार जात नाही. सुरुवातीला कळतही नाही, कारण फुप्फुसांत गरजेपेक्षा कितीतरी जास्त जागा राखीव असते. ती संपत आली की चार पायऱ्या चढतानाही धाप लागते.

कॉखने हा जंतू 1882 मध्येच दाखवून दिला होता. पण त्याला मारणारं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडलं 1943 मध्ये. आनंदीबाईंच्या वेळी उपाय म्हणजे विश्रांती आणि हवापालट, एवढंच.

1886 च्या अखेरीस त्या मायदेशी परतल्या. कोल्हापूरची जागा त्यांच्यासाठी तयार होती, अंगात ताकद नव्हती. 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात त्यांनी शेवटचा श्वास घेतला. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आली. न्यूयॉर्कजवळच्या पोकिप्सी गावात, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ती आजही आहे.