मोटारी धुणाऱ्या हातातला कुंचला

रविवारी सकाळी नऊ वाजता मी बीडमधल्या एका निवृत्त चित्रकला शिक्षकांच्या ओसरीत सतरंजीवर जाऊन बसतो. शेजारी सहावी-सातवीतली दहा-बारा मुलं असतात. त्यांना ग्रेड परीक्षेची तयारी करायची असते. मला साठी उलटल्यावर धड रेघ मारायला शिकायचं असतं. पहिल्या दिवशी मुलांना वाटलं, मी नातवाला सोडायला आलोय. मी पिशवीतून चित्रकलेची वही काढली तेव्हा एका मुलीनं आपल्या पेन्सिलीला टोक काढून ती माझ्यापुढं सरकवली. त्या दिवशी काढलेला माठ एका बाजूनं बसलेला निघाला. घरी तो कुणाला दाखवला नाही. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर मला के. एच. आरा आठवले.

कृष्णाजी हौलाजी आरा. चित्रकलेच्या जगात हे मोठं नाव आहे. १९४७ साली मुंबईत सहा तरुणांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा केला. सूझा, रझा, हुसेन, गाडे, बाक्रे आणि आरा. त्यातल्या हुसेन यांचं नाव आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक झालं. आरा मात्र रसिकांपुरते राहिले. मला त्यांचं चित्र पहिल्यांदा दिसलं ते १९८६ मध्ये. बँकेनं माझी बदली मुंबईला, फोर्टात केली होती. दुपारच्या सुट्टीत डबा खाऊन मी काळा घोडा भागात पाय मोकळे करायला जायचो. नावाला काळा घोडा. घोडा तेव्हा तिथं नव्हता, तो पुतळा १९६५ मध्येच हलवला होता. तिथल्या एका दालनात फुलदाणीचं एक चित्र टांगलेलं होतं. जाडजूड रंग, फुलं अगदी अंगावर येणारी. हे तर मलाही जमेल, असं मनात आलं. माणसाचं अज्ञान किती निर्धास्त असतं बघा. चित्रकाराची चौकशी केली तेव्हा कळलं की तो आदल्याच वर्षी, १९८५ च्या जूनमध्ये गेला. आणि हेही कळलं की हा माणूस एके काळी याच मुंबईत लोकांच्या मोटारी धूत होता.

आरांचा जन्म १९१४ चा, सिकंदराबादजवळच्या बोलारमचा. म्हणजे आपल्याच निजामाच्या मुलखातला; बीडही १९४८ पर्यंत त्याच राज्यात होतं. वडील मोटारचालक. मूल तीन वर्षांचं असताना आई गेली. वडिलांनी दुसरं लग्न केलं. सात वर्षांचा कृष्णा घरातून निघाला आणि मुंबईत येऊन पोचला. सात वर्षांचं पोर! मी सात वर्षांचा होतो तेव्हा मला गल्लीच्या टोकाला पाठवतानाही आजी दारात उभी राहायची.

मुंबईत तो साहेबांच्या घरी पोऱ्या म्हणून राहिला. भांडी, झाडलोट, पडेल ते काम. मिठाच्या सत्याग्रहात उतरला आणि पाच महिने तुरुंगात राहून आला. पुढं एका जपानी कंपनीत मोटारी धुण्यापुसण्याचं काम मिळालं. राहायला लहानशी खोली. या सगळ्यात कागद आणि रंग कुठून शिरले, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. घरात कुणी चित्रकार नाही, हातात पैसा नाही, शाळा तर सुटलेलीच. पण दिवसाची चाकरी आटोपली की हा गडी चित्रं काढीत बसे, एवढं खरं. केतकरांच्या कलासंस्थेत जाऊन काही काळ शिकलाही. पण मुख्य शिक्षण स्वतःच स्वतःला दिलेलं.

त्यांना हेरलं ते दोन परदेशी माणसांनी. रुडॉल्फ फॉन लायडेन हे मूळचे जर्मन, भूगर्भशास्त्र शिकलेले, आणि ‘टाइम्स ऑफ इंडिया’त कलासमीक्षा लिहिणारे. दुसरे वॉल्टर लँगहॅमर, नाझींच्या छायेतून निसटून मुंबईला आलेले ऑस्ट्रियन चित्रकार. या दोघांनी आरांच्या कागदांकडे गंभीरपणे बघितलं. १९४१ च्या अखेरीस जपान युद्धात उतरला आणि जपानी कंपन्यांचे इथले व्यवहार बंद पडले. १९४२ मध्ये आरांचं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन भरलं. १९४४ मध्ये गव्हर्नरचं पारितोषिक मिळालं. मोटारी धुणारा माणूस तिशीत चित्रकार म्हणून ओळखला जाऊ लागला.

आता जरा माझं. सदतीस वर्षं मी बँकेत काढली, त्यातली बरीच लोकांच्या सह्या ताडून बघण्यात. सही म्हणजे रेषाच की. माणूस आजारी असला की त्याच्या सहीचा ‘र’ खाली घसरतो, घाईत असला की शेवटची वेलांटी हवेत राहते. हे मी बोटानं दाखवू शकायचो. त्यामुळं बघण्याची सवय आपल्याला आहे, असा माझा गोड समज होता. सरांनी तो दोन रविवारांत उतरवला. मी माठ बघून काढत नव्हतो. माठ कसा असतो ते मला आधीच ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असलेलंच मी काढत होतो. त्यातून माझा सारखा खोडरबर चालायचा. सर म्हणाले, चुकलेली रेघ राहू द्या, तिच्या शेजारी बरोबरची मारा. मला हसू आलं. बँकेत आम्ही हेच करायचो. खातेवहीत खाडाखोड चालत नाही. चुकीचा आकडा एका रेघेनं काटायचा, वर बरोबरचा लिहायचा आणि शेजारी सही करायची.

आरांची चित्रं मी पुन्हा काढून बघतो ती याच कारणानं. फुलदाण्या, सुरया, फळं, टेबलावरची भांडी. त्यांना १९५२ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं ते दोन सुरयांच्या चित्राला. पुढं स्त्रीदेहाची चित्रंही त्यांनी मालिकेनं केली, १९६३ मधली त्यांची काळ्या रंगातली मालिका प्रसिद्ध आहे. तुम्ही म्हणाल, जे. जे. मध्ये शिकलेल्यांची सफाई त्यांच्यात नाही. खरं आहे. रेषेत ते शेवटपर्यंत पक्के झाले नाहीत, असं माझं मत. जलरंगसुद्धा ते तैलरंगासारखे जाड लावत. पण सुरईचं पोट कुठं फुगतं आणि मान कुठं बारीक होते, हे त्यांच्या हाताला कळलेलं आहे. आयुष्याची पहिली वर्षं भांडी आणि मोटारी पुसण्यात घालवलेल्या हाताला गोलाई न कळेल तर कुणाला?

नाव झाल्यावरही ते साधेच राहिले. ग्रुप लवकरच पांगला. सूझा लंडनला गेले, रझा पॅरिसला. आरा मुंबईतच राहिले. काळा घोड्याजवळच्या आर्टिस्ट्स सेंटरचा कारभार त्यांनी पाहिला आणि तिथं येणाऱ्या नवख्या, गरजू चित्रकारांना हात दिला.

मी चित्रकला का शिकतोय, असं घरचे विचारतात. वेळ जात नाही म्हणून, असं मी सांगतो. खरं कारण वेगळं आहे. माझे आईवडील दर दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जायचे, ते पाच-सहा महिन्यांनी यायचे. मी आजीपाशी. आई १९७९ मध्ये गेली. तिचा एकही फोटो नाही. कागदावर तिचं जे काही उरलंय ते म्हणजे मुकादमाच्या वहीतला अंगठा, आणि ती वही कुठं असणार? तीन वर्षांच्या आरांना आईचा चेहरा पुढं आठवत असेल का, हे मला राहून राहून वाटतं. मला आठवतो. डोळे मिटले की दिसतो, पण पेन्सिल टेकवली की निसटतो. कपाळ येतं तर हनुवटी येत नाही. दोन कादंबऱ्यांत मी तिच्यावर पानंच्या पानं लिहिली; शब्दांना नाक कुठं संपतं ते सांगावं लागत नाही.

सरांना हे एकदा सांगून टाकलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग चेहरा सध्या सोडा म्हणाले, हात काढा. त्यांनी शेजारच्या घरातून एक कोयता मागून आणला, वर्गातल्या एका मुलीला मूठ धरायला सांगितली आणि मला समोर बसवलं. कोयत्याची मूठ लाकडी, मधे झिजलेली. अंगठा तिच्यावर कसा वळतो, नख कुठून दिसतं, हे मी दीड तास बघत होतो. पोरीचा हात भरून आला, तिला मधे दोनदा हात झटकू दिला. पाच-सहा रेघा चुकल्या, त्या तशाच ठेवल्या. वर्ग सुटला तेव्हा मी मनगटापर्यंत पोचलो होतो. मनगटावर आईच्या दोन काचेच्या बांगड्या असायच्या, हिरव्या. त्या पुढच्या रविवारी काढायच्या आहेत.