डॉ. इलियट जॉस्लिन : मधुमेहींच्या पायांवर लक्ष ठेवणारे डॉक्टर

इलियट जॉस्लिन यांचा जन्म १८६९ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात झाला. बोस्टनमध्ये वैद्यकी करताना ते मधुमेहाच्या प्रत्येक रुग्णाची वहीत नोंद ठेवत. पुढे त्यांच्या आईलाही मधुमेह झाला. तिचे नावही त्याच वहीत आहे.

१९२२ साली इन्सुलिन आले आणि बेशुद्ध होऊन दगावणारे रुग्ण वाचू लागले. पण आयुष्य वाढले तसे दुसरे संकट पुढे आले : पायाचे गँगरीन. साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की पायातील मज्जातंतू बधिर होतात, रक्तवाहिन्या अरुंद होतात. बूट चावला किंवा गरम पाण्याच्या पिशवीने भाजले तरी कळत नाही. छोटी जखम चिघळते आणि पाय कापण्याची वेळ येते.

गँगरीन हे नशीब नाही, बहुतेक वेळा ते टाळता येते, असे जॉस्लिन यांनी १९३४ साली ठामपणे मांडले. त्यांच्या पथकात सर्जन तर होतेच, शिवाय पायांची निगा राखणारे तज्ज्ञ आणि रुग्णांना शिकवणाऱ्या नर्सही होत्या. पाय रोज कसे धुवायचे, पुसायचे, निरखायचे, हे इन्सुलिन टोचण्याइतक्याच गांभीर्याने शिकवले जाई.

त्या काळी घरी मोजता येई ती लघवीतील साखर. निळ्या द्रावणात लघवीचे थेंब टाकून तापवायचे; रंग विटकरी झाला तर साखर खूप. उणीव अशी, की रक्तातील साखर साधारण १८०च्या वर गेल्याशिवाय ती लघवीत सहसा उतरतच नाही. तरी साखर काटेकोर ठेवा, हा आग्रह जॉस्लिन यांनी सोडला नाही. अनेक डॉक्टरांना तो पटत नसे. १९६२ साली जॉस्लिन वारले. टाइप १ मधुमेहाच्या रुग्णांवरील मोठ्या अभ्यासाने त्यांचे म्हणणे खरे ठरवले, ते १९९३ साली.

आज आपल्याकडे एचबीए१सी आहे. ती मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. तळव्याला स्पर्श कळतो का, बोटांपर्यंत रक्त पोहोचते का, हे मात्र त्या आकड्यात नसते. रुग्ण रिपोर्टची फाइल लगेच पुढे करतात, मोजे काढायला सांगितले की संकोचतात. कृपया काढा. आणि घरी पायावर जखम, लाली, सूज किंवा काळपटपणा दिसला, तर दुखत नसले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.