राहायचे कुठे?

कोरपन्याचा मुलगा शिकायला चंद्रपूरला निघाला, की घरचे आधी विचारतात, राहशील कुठे? जेवशील कुठे? नुसत्या प्रवेशाने भागत नाही, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः भोगले होते.

त्यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. साताऱ्याच्या शाळेत बसायला त्यांना घरून गोणपाट न्यावे लागे. शिपायाने वरून पाणी ओतले तरच तहान भागे. पुढे मुंबईत त्यांना संस्कृत शिकायचे होते, पण अस्पृश्य म्हणून ते नाकारले गेले. मग त्यांनी फारसी घेतली. तुमच्या उर्दूतले कितीतरी शब्द जिच्यातून आले, तीच ही फारसी! १९१२ साली ते बी. ए. झाले, तेव्हाही फारसी हा त्यांचा विषय होता. त्या शिक्षणासाठी बडोद्याचे सयाजीराव महाराज त्यांना दरमहा २५ रुपये देत. त्यांच्याच मदतीने १९१३ मध्ये भीमराव अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले.

१९१७ मध्ये ते नोकरीसाठी बडोद्याला आले. एवढे शिकलेले, पण त्यांना खोली देईना कोणी! नाव बदलून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. थोड्याच दिवसांत ते उघड झाले आणि लाठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. सायंकाळपर्यंत ते बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले.

हा दिवस ते विसरले नाहीत. १९४६ मध्ये त्यांच्या संस्थेने मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले. दिवसा नोकरी करणाऱ्यांसाठी तेथे सकाळी वर्ग भरत. मग त्यांनी औरंगाबाद निवडले. आज त्या शहराला छत्रपती संभाजीनगर म्हणतात. तेव्हा ते हैदराबाद राज्यात होते. आपले कोरपनाही राजुरा तालुक्यासह त्याच राज्यात होते, हे तुम्हांला ठाऊक आहे का? मराठवाड्यातल्या बहुतेक मुलांना पदवीसाठी दूर हैदराबादला जावे लागे. गरिबाला ते कुठले परवडणार? १९५० मध्ये बाबासाहेबांनी औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले. त्यालाच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणू लागले. तेथे मुलांसाठी वसतिगृहही झाले. खेड्यातून पेटी घेऊन आलेल्या मुलाला जात सांगून खोली शोधावी लागली नाही.

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेब चंद्रपूरला आले होते. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबरला, दिल्लीत त्यांचे निधन झाले.