न दिसणाऱ्या प्रकाशाचा शोध

मुलांनो, तुम्ही इंद्रधनुष्य पाहिले आहे ना? त्यातील जांभळ्या रंगाच्या पलीकडेही किरण असतात, पण ते आपल्याला दिसत नाहीत. ते योहान विल्हेल्म रिटर यांनी शोधून काढले.

रिटर यांचा जन्म १७७६ साली सायलेशियात झाला. लहान वयातच ते एका औषधांच्या दुकानात उमेदवारी करू लागले. तेथे त्यांना रसायनांची ओळख झाली. १७९६ साली ते जर्मनीतील येना येथे शिकायला गेले.

१८०० साली विल्यम हर्शेल यांना तांबड्या रंगापलीकडे उष्णता देणारे अदृश्य किरण सापडले. मग जांभळ्यापलीकडेही काही असले पाहिजे, असे रिटर यांना वाटले. त्यांनी सिल्व्हर क्लोराइड हा चांदीचा क्षार घेतला. हा क्षार उजेडात काळा पडतो. १८०१ साली त्यांनी तो कागदाला लावला आणि लोलकातून पडणाऱ्या रंगपट्ट्यात ठेवला. जांभळ्यापलीकडे कोणताच रंग दिसत नव्हता; पण तेथेच कागद सर्वांत लवकर काळा झाला! त्या किरणांना आज आपण अतिनील किरण म्हणतो.

पुढे रिटर यांनी विजेचे प्रयोग स्वतःच्या शरीरावर केले. त्यांची प्रकृती ढासळली. १८१० साली म्युनिक येथे, अवघे ३३ वर्षांचे असताना, ते गरिबीतच वारले.

आज फक्त अतिनील किरण आत सोडणारी काच कॅमेऱ्यावर बसवून फुलांचे फोटो काढतात. मधमाश्यांना दिसणाऱ्या, पण आपल्याला न दिसणाऱ्या पाकळ्यांवरील खुणा त्यात उमटतात.

मुलांनो, महाग साधने नाहीत म्हणून अडून बसू नका. रिटर यांना एक कागद पुरला होता.