जिम कॉर्बेटची हलकी रायफल

परवा रात्री मेसमधून जेवून आलो आणि आमच्या रूमवर वाद पेटला. विषय काय, तर मोबाईलच्या गेममध्ये बंदूक कुठली घ्यावी! एक पार्टी ७.६२ वाली, दुसरी ५.५६ वाली. मेकॅनिकलचे दोघे कायनेटिक एनर्जीची सूत्रं मांडायला लागले (हीच सूत्रं वायव्हाला आठवत नाहीत, ते सोडा). शेवटी प्रश्न असा निघाला की गेम राहू दे, खऱ्या जंगलात हरणापासून वाघापर्यंत सगळ्याला चालेल अशी एकच रायफल निवडायची झाली तर कोणती?

आज भारतात हा प्रश्न फक्त इतिहासाचा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे आणि ते योग्यच आहे. पण एका माणसानं या प्रश्नाचं उत्तर आयुष्यभर, स्वतःचा जीव पणाला लावून शोधलं. तो माणूस म्हणजे जिम कॉर्बेट. आपण ठाकुर्लीकर रेल्वेच्या भोंग्यावर उठणारे आणि लोकलच्या आवाजात झोपणारे, म्हणून आधी हे सांगतो की पोटापाण्यासाठी कॉर्बेट शिकारी नव्हता. तो रेल्वेचा माणूस होता!

जिमचा जन्म २५ जुलै १८७५ चा, नैनितालचा. वडील तिथे पोस्टमास्तर. जिम लहान असतानाच ते गेले. घरात भावंडं भरपूर आणि पैसा बेताचा. उन्हाळा नैनितालला आणि थंडी पायथ्याच्या कालाढुंगीला, असं वर्ष जायचं. कालाढुंगीच्या घरामागे जंगलच होतं. या पोरानं सुरुवात केली बेचकीनं, मग गलोल, आणि आठेक वर्षांचा असताना हातात आली ठासणीची एक दुनळी बंदूक. तिचा थाट काय वर्णावा! उजवी नळी फाटलेली, दस्ता मोडलेला आणि सगळं पितळी तारेनं गुंडाळून बांधलेलं. म्हणजे नावाला दुनळी, चालणारी नळी एकच. दारू ठासा, छर्रे घाला, मग एक बार. तो चुकला की पाखरू उडालं आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून. त्यामुळे आधी बघायचं, ऐकायचं, जवळ जायचं आणि मगच चाप ओढायचा, ही सवय त्या मोडक्या बंदुकीनंच लावली.

पुढे शाळेच्या कॅडेट दलात त्याच्या हाती ४५० बोअरची मार्टिनी-हेन्री आली. या बंदुकीचा धक्का इतका जबर की पोरांचे खांदे काळेनिळे व्हायचे. धक्का बसणार म्हणून बार निघायच्या आधीच डोळे मिटायचे आणि नेम जायचा. लहानग्या जिमलाही ती भीती होती आणि ती त्यानं हळूहळू घालवली. याच जातीच्या रायफलीनं त्यानं पहिला बिबट्या मारला. तेव्हा तो जेमतेम दहा वर्षांचा होता. बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास. इंग्रजी पद्धतीत तो इंचाच्या हजाराव्या भागात सांगतात, म्हणून ४५० म्हणजे ०.४५० इंच, सुमारे साडेअकरा मिलिमीटर. आपल्या अंगठ्याच्या नखाएवढी गोळी! त्या काळी मोठं जनावर म्हटलं की मोठं बोअर, हाच हिशोब होता. काळी दारू गोळीला फार वेग देऊ शकत नव्हती, मग वजन वाढवण्याशिवाय दुसरा इलाजच नव्हता.

शिक्षण पुरं व्हायच्या आतच जिमला नोकरी धरावी लागली. बंगाल अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेत, मानकपूरला, फ्युएल इन्स्पेक्टर म्हणून. तेव्हा तिथली इंजिनं लाकडावर चालायची. जंगलात राहून लाकूड तोडून घ्यायचं आणि ते मोजून रेल्वेला द्यायचं हे काम. इंजिनं कोळशावर आली आणि ते काम संपलं. मग मोकामा घाटला त्याला माल चढवण्या-उतरवण्याचं कंत्राट मिळालं. गंगेच्या दक्षिणेला ब्रॉडगेज, उत्तरेला मीटरगेज आणि मध्ये पूल नाही. (तिथला पूल झाला तो थेट १९५९ साली.) त्यामुळे प्रत्येक पोतं, प्रत्येक पेटी माणसांच्या डोक्यावरून एका गाडीतून दुसऱ्या गाडीत जायची. या घाटावर कॉर्बेटनं वीस वर्षांहून जास्त काळ काढला. स्वतः मजुरांबरोबर ओझी उचलली, त्यांच्या मुलांसाठी शाळा काढली. शिकार व्हायची ती रजेत! नरभक्षक वाघ मारायला निघालेला हा माणूस आधी रेल्वेकडून सुट्टी मंजूर करून घ्यायचा.

अशाच सुट्टीत १९०७ साली तो चंपावतच्या वाघिणीमागे गेला. तिनं आधी नेपाळमध्ये आणि मग कुमाऊँत मिळून ४३६ माणसं मारल्याचं कॉर्बेटनं नोंदवलंय. गावंच्या गावं दारं लावून बसली होती. पिकं शेतात उभी आणि कापायला कोणी बाहेर पडेना. चंपावतच्या तहसीलदारांनी जवळजवळ तीनशे माणसं गोळा केली, हाका घातला आणि वाघीण दरीत उठली. कॉर्बेटकडे ५०० बोअरची दुनळी रायफल होती. मोठं बोअर, वाघाला पुरून उरेल असं. पण खिशात काडतुसं किती? तीन! दोन लागतील, एक अडीअडचणीला, असा त्याचा हिशोब. एक गोळी वाया गेली, दोन लागल्या, आणि जखमी वाघीण समोर उभी असताना रायफल रिकामी. मग पळत जाऊन त्यानं तहसीलदारांची जुनाट बंदूक घेतली. तिच्या नळ्या आणि मागचा ठोकळा यांच्यात फट पडलेली. तशा बंदुकीनं त्यानं शेवटचा बार टाकला. ती गोळी वाघिणीच्या पंजाला लागली. वाघीण पडली ती खरं तर आधीच्या दोन गोळ्यांनी.

वाघिणीचं तोंड उघडून पाहिलं तेव्हा उजव्या बाजूचे वरचा आणि खालचा असे दोन्ही सुळे मोडलेले निघाले. वरचा अर्धा आणि खालचा पार हाडापर्यंत. कॉर्बेटनं निदान केलं की हे जुन्या गोळीच्या जखमेचं काम आहे. कधीतरी कुणीतरी तिच्यावर बार टाकला होता, तो जबड्याला लागला आणि ती जखमी होऊन निघून गेली. सुळे गेल्यावर तिला नेहमीची शिकार धरता येईना, म्हणून ती माणसाकडे वळली. त्या शिकाऱ्याचं नाव कुणालाच माहीत नाही. त्याच्याकडची बंदूक छोटी होती की मोठी, तेही नाही. पण एक गोळी चार-सहा इंच चुकली आणि तिची किंमत ४३६ घरांनी दिली. जिथे लागायला हवी तिथे गोळी लागली नाही तर बोअर कितीही मोठं असलं तरी उपयोग नाही, हे कॉर्बेटनं त्या दिवशी वाघिणीच्या तोंडात पाहिलं.

या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन हेवेट यांनी त्याला एक रायफल बक्षीस दिली. लंडनच्या जॉन रिग्बी कंपनीची, बोल्ट अ‍ॅक्शन, बोअर २७५. दस्त्यावर चांदीची पट्टी आणि तिच्यावर चंपावतच्या वाघिणीचा उल्लेख. आता गंमत बघा. ५०० बोअरनं वाघीण मारली आणि बक्षीस मिळालं जवळजवळ निम्म्या बोअरचं! आणि हीच रायफल पुढे त्याची सगळ्यात लाडकी झाली.

इंजिनिअर मंडळींसाठी थोडं खोलात जातो. २७५ रिग्बी म्हणजे दुसरं तिसरं काही नसून जर्मनीच्या माउझरचं ७ × ५७ मिलिमीटरचं काडतूस. धूर न करणारी नवी दारू आल्यामुळे लहान गोळीला प्रचंड वेग देता येऊ लागला. रिग्बीची गोळी १४० ग्रेनची, म्हणजे सुमारे ९ ग्रॅमची. तिचा वेग सेकंदाला सुमारे ८४० मीटर. अर्धा एमव्ही स्क्वेअर करा, ऊर्जा येते सुमारे ३,२०० ज्यूल. कॉर्बेटकडे दुसरी एक जेफ्री कंपनीची दुनळी होती, ४५०/४०० बोअरची. या नावात ४०० हे नळीचं माप, आणि ४५० हे ज्या जुन्या पुंगळीचं तोंड आवळून हे काडतूस केलं तिचं. तिची गोळी जवळजवळ २६ ग्रॅमची आणि वेग साधारण ६५० मीटर. ऊर्जा सुमारे ५,५०० ज्यूल, आणि संवेग पाहिला तर २७५ च्या दुपटीहून जास्त. पण न्यूटनचा तिसरा नियम खांद्यालाही लागू असतो! शिवाय २७५ चं वजन साडेतीन किलोच्या आसपास आणि दुनळीचं साडेचार-पाच किलो. हॉस्टेलपासून स्टेशनपर्यंत बॅग नेताना आपल्याला एक किलोचा फरक कळत नाही. पण हिमालयाच्या चढावर दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर, आणि वाघ कुठल्या झुडपामागून येईल याचा नेम नाही, अशा वेळी तो एक किलो हातात येतो.

बारीक, लांब गोळीचा आणखी एक गुण म्हणजे वजनाच्या मानानं छेद लहान असल्यानं ती खोल जाते. त्याच काळात आफ्रिकेत कारामोजो बेल नावाच्या शिकाऱ्यानं हजारावर हत्ती मारले आणि त्यातले बरेचसे याच २७५ नं. पण त्यासाठी त्यानं हत्तीच्या कवट्या करवतीनं कापून मेंदू नेमका कुठे असतो याचा अभ्यास केला होता. अभ्यासाशिवाय लहान बोअर घेणं म्हणजे कॅल्क्युलेटरशिवाय पेपरला बसणं.

मग कॉर्बेटनं २७५ घेऊन दुनळी विकून टाकली का? मुळीच नाही. चितळ, घुरल, कोंबड्यांच्या मागे भटकणं आणि रोजचं पायी हिंडणं यासाठी २७५. जिथे जनावर जखमी होऊन अंगावर येण्याचा धोका, तिथे ४५०/४००. रुद्रप्रयागचा बिबट्या रात्रीच यायचा, तर रायफलीला विजेरी बांधून बसायचं. १९२६ च्या मे महिन्यात तो बिबट्या पडला, तोवर त्याच्या नावावर १२५ बळी लागले होते.

हलक्या रायफलीची खरी परीक्षा झाली ती ११ एप्रिल १९३० ला. चौगढची वाघीण, सरकारी यादीत ६४ बळी. त्या दिवशी वाटेत कॉर्बेटला रातव्या पक्ष्याची दोन अंडी दिसली. नेहमीपेक्षा वेगळी वाटली म्हणून त्यानं ती डाव्या हातात घेतली. एका मोठ्या शिळेला वळसा घालून तो पुढे आला आणि मान वळवून मागे पाहिलं, तर आठ फुटांवर वाघीण दबा धरून त्याच्याकडेच बघत बसलेली! रायफल उजव्या हातात, छातीवर आडवी आणि नळीचं तोंड भलतीकडे. झटकन वळलं तर ती झेप घेणार. मग त्यानं एकाच हातानं रायफल इंच इंच फिरवायला सुरुवात केली. जवळजवळ पाऊण वर्तुळ. हात भरून आला, पण फिरवणं थांबवलं नाही. वाघीण ते बघत राहिली. नळी तिच्यावर आली आणि त्यानं एका हातानंच चाप ओढला. अंडी शाबूत राहिली आणि त्यानं ती परत नेऊन घरट्यात ठेवली. विचार करा, हातात पाच किलोची दुनळी असती तर?

आणि उलटा अनुभवही ऐका. १९३८ च्या नोव्हेंबरात ठाक गावच्या वाघिणीवर त्यानं ४५०/४०० चा बार टाकला तो एका खडकावर कसाबसा टेकून. वाघीण मेली, पण रायफलीच्या धक्क्यानं हा त्रेसष्ट वर्षांचा गडी खडकावरून खाली त्याच्याच माणसांवर कोसळला. तरीही त्या जागी, अंधार पडत असताना, जड दुनळी घेणं बरोबरच होतं. म्हणजे उत्तर एक नाहीच. काम कुठलं, जागा कुठली आणि आपल्या खांद्याला काय पेलतं, हे पाहून निवडायचं.

या सगळ्यात कॉर्बेटच्या हातात आणखी एक वस्तू आली होती, ती म्हणजे कॅमेरा. वनाधिकारी चॅम्पियन याचे वाघांचे फोटो पाहून त्याला ते वेड लागलं आणि नरभक्षक सोडता वाघ मारणं त्याला नकोसं झालं. १९३६ साली भारतातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं त्यामागे त्याची धडपड होती. आज त्याला त्याचंच नाव आहे. १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तोही तिथूनच, आणि पहिल्या नऊ प्रकल्पांत आपलं मेळघाटही होतं.

त्याचं पहिलं गाजलेलं पुस्तक, कुमाऊँच्या नरभक्षकांचं, १९४४ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसनं छापलं ते आपल्या मुंबईतून! १९४७ मध्ये बहीण मॅगीबरोबर तो केनियाला गेला आणि १९ एप्रिल १९५५ ला न्येरीला वारला. २७५ त्याच्याबरोबर गेली होती. त्याच्यामागे ती प्रकाशकांकडे आली, २०१५ मध्ये रिग्बी कंपनीनं पुन्हा मिळवली आणि २०१६ साली थोड्या दिवसांसाठी कुमाऊँत आणली. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी कार्पेट साहेबाला पाहिलं होतं, त्या गावकऱ्यांनी ती पाहिली.

आमच्या रूमवरचा वाद? तो अजून मिटलेला नाही. फक्त आता ७.६२ वाला बोलायला लागला की कुणीतरी त्याला आधी एवढंच विचारतं, की बाबा, तुझा नेम लागतो का?