विविध भारतीचे पंडितजी

रेडिओवरच्या निवेदकांची नावे आपल्या पिढीला पाठ आहेत. अमीन सयानी म्हटले की आवाज लगेच कानात उभा राहतो. पण ज्या 'विविध भारती'वर आपल्या घरातल्या दोन-तीन पिढ्या वाढल्या, ती उभी कोणी केली असे विचारले तर बरेच जण गप्प बसतील. ते काम पंडित नरेंद्र शर्मा यांचे. आपल्या घरात त्यांची ओळख राहिली ती फक्त गीतकार म्हणून. म्हणून हा परिचय.

पंडितजींचा जन्म २८ फेब्रुवारी १९१३ रोजी उत्तर प्रदेशातील खुर्जाजवळच्या जहांगीरपूर गावी झाला. शिक्षण अलाहाबाद विद्यापीठात. तरुणपणीच ते हिंदीतले नावाजलेले कवी झाले. 'प्रवासी के गीत' या संग्रहाने त्यांना लोकप्रियता दिली. अलाहाबादला त्यांनी काँग्रेसच्या मध्यवर्ती कार्यालयात काम केले. पुढे इंग्रज सरकारने त्यांना खटला न चालवता स्थानबद्ध केले.

सुटकेनंतर १९४३ च्या सुमारास भगवतीचरण वर्मा यांच्याबरोबर ते मुंबईला 'बॉम्बे टॉकीज'मध्ये आले. १९४४ च्या 'ज्वारभाटा'ची गीते त्यांची. याच चित्रपटात युसूफ खान नावाचा नवा मुलगा दिलीपकुमार होऊन पडद्यावर आला. हे नाव ठरवताना पंडितजींचाही सल्ला घेतला होता, असे सांगतात. पत्नी गुजराती, स्वतः हिंदी कवी आणि कर्मभूमी मुंबई. आपल्यासारख्या दोन भाषांत संसार करणाऱ्यांना असे घर परके वाटणार नाही.

आता रेडिओची गोष्ट. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि प्रसारण मंत्री झाले. आपलेच मराठी गृहस्थ, शास्त्रीय संगीताचे कडवे अभिमानी. देशाचे कान घडवायचे तर चित्रपटगीतांना आवर घातला पाहिजे, असे त्यांचे मत. शास्त्रीय संगीतासाठी त्यांनी केलेले काम मोठे आहे, ते नाकारून चालणार नाही. पण त्यांच्या धोरणामुळे आणि निर्मात्यांशी झालेल्या वादामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली. श्रोत्यांनी तक्रार करत बसण्यापेक्षा सरळ काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावला. त्याच वर्षी डिसेंबरात तिथून 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. तिचे निवेदक अमीन सयानी ग्वाल्हेरच्या सिंधिया स्कूलचे विद्यार्थी, म्हणजे एका अर्थाने आपल्या शेजारचेच. देशातली गाणी, देशातले श्रोते आणि ऐकायचे मात्र कोलंबोहून, अशी गंमत झाली.

या पेचातून वाट काढण्यासाठी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी 'विविध भारती' सुरू झाली आणि तिची धुरा पंडितजींकडे आली. 'विविध भारती' हे नावही त्यांचेच. कार्यक्रमाला म्हणत 'पंचरंगी'. उद्घाटनाचे गीत त्यांनीच लिहिले, अनिल विश्वासांनी चाल दिली आणि मन्ना डे यांनी ते गायले.

मी स्वतः राज्य सरकारचा कर्मचारी आहे. फाईल, टिपण आणि मंजुरी या वाटेने एखादी जिवंत गोष्ट बाहेर काढणे किती अवघड असते, ते मला रोज दिसते. म्हणून या कामाचे मला फार मोल वाटते. सिलोनची नक्कल करून चालले नसते, कारण मग सरकारी केंद्राची गरजच काय? आणि नुसते उपदेश केले असते तर काटा पुन्हा सिलोनकडे फिरला असता. पंडितजींनी मधली वाट धरली. चित्रपटगीत आले, पण त्याच्या शेजारी भजन, नाटिका आणि शास्त्रीय संगीतही आले. सीमेवरच्या जवानांसाठी 'जयमाला', रात्री नाटिकांचा 'हवामहल' अशी घरातल्या माणसांसारखी नावे रुळली. लोकांना आवडते ते हलके आणि जड असते ते चांगले, हा समज त्यांनी मानला नाही. १९६७ मध्ये विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या, त्याही पहिल्यांदा मुंबई, पुणे आणि नागपूर केंद्रांवरून.

मराठी संगीतकारांशी त्यांचे सूर विशेष जुळले. १९६१ चा 'भाभी की चूडियाँ' हा मूळ मराठी 'वहिनींच्या बांगड्या'वरून निघालेला. संगीत सुधीर फडके यांचे, आवाज लता मंगेशकरांचा. त्यातले पहाटेच्या उजेडाचे वर्णन करणारे गाणे आजही सकाळी कुठे लागले की हातातले काम थांबते. शब्द संस्कृत वळणाचे, पण एकही शब्द अडत नाही. आपल्या इंदूरला जन्मलेल्या लताबाई पंडितजींना वडिलांच्या ठिकाणी मानत आणि 'पापा' म्हणत. पुढे १९७८ च्या 'सत्यम् शिवम् सुंदरम्'चे शीर्षकगीत आले. आणि 'राम श्याम गुणगान' तर बहुतेक मराठी घरांत असेलच. शब्द पंडितजींचे, चाली श्रीनिवास खळे यांच्या, गायला भीमसेन जोशी आणि लताबाई. हिंदी भजने, पण घडण आपल्या माणसांची.

शेवटच्या काळात ते बी. आर. चोप्रा यांच्या 'महाभारत' मालिकेचे सल्लागार होते. मालिका ऑक्टोबर १९८८ मध्ये दूरदर्शनवर सुरू झाली आणि रविवारी सकाळी रस्ते ओस पडू लागले. ती ऐन भरात असताना, ११ फेब्रुवारी १९८९ रोजी, मुंबईत पंडितजींचे निधन झाले.

निवेदकाचा आवाज लक्षात राहतो, तो आवाज जिथून येतो ते घर बांधणारा विसरला जातो. उत्सव करणाऱ्या आपल्यासारख्या मंडळांना हे सांगायला नको. मंडपात गाणारा सर्वांना दिसतो, मांडव घालणारा दिसत नाही. यंदा आरतीनंतर कुणी 'राम श्याम गुणगान' लावले, तर त्या सुरांबरोबर पंडित नरेंद्र शर्मा यांचेही नाव एकदा घ्यावे, एवढीच विनंती.

गणपती बाप्पा मोरया!