हंटरचा पाय, कुत्र्यांचे पाय

नाचताना पाय गेला तर आपण काय करतो? रूमवर पडून राहतो आणि पार्टनरला मेसमधून डबा आणायला लावतो. १७६७ साली लंडनमधल्या एका सर्जनचा टाचेवरचा अकिलिस टेंडन तुटला, नाचताना तुटला असं सांगतात. या पठ्ठ्याने त्यावरच संशोधन सुरू केलं! ही वल्ली म्हणजे जॉन हंटर.

हंटरचा जन्म १७२८ चा, स्कॉटलंडमधल्या ईस्ट किलब्राइडजवळच्या शेतकरी घरातला. दहा भावंडांत शेंडेफळ. शाळेत मन रमेना. १७४८ साली तो लंडनला मोठ्या भावाकडे, विल्यमकडे आला. विल्यम शरीररचनेचे वर्ग चालवायचा. तिथे प्रेतांचं विच्छेदन करता करता हा गडी तयार झाला. विद्यापीठाची डिग्री त्याने कधीच घेतली नाही. पुढे सैन्यात सर्जन झाला, रॉयल सोसायटीचा सभासद झाला आणि १७६८ पासून सेंट जॉर्ज हॉस्पिटलचा सर्जन.

तुटलेला टेंडन नेमका जुळतो कसा, हे पाहायला त्याने कुत्रे घेतले. कातडीला बारीक छिद्र पाडून आतला टेंडन कापायचा आणि वेगवेगळ्या दिवसांनी एकेक कुत्रा मारून जखम कुठवर भरली ते बघायचं. टेंडनही हाडासारखाच जुळून येतो, हे त्याला त्यातून दिसलं. भूल देणारं ईथर यायला अजून जवळजवळ ऐंशी वर्षं होती, हेही विसरून चालणार नाही.

१७८५ साली त्याने गुडघ्यामागची फुगलेली रोहिणी न कापता वर मांडीतच बांधून टाकली. रक्ताने बाजूच्या छोट्या वाटा शोधल्या आणि पाय वाचला. आपल्या भाषेत पॅरलल सर्किट! १७९३ साली हॉस्पिटलच्या बैठकीत वादावादी झाली आणि तिथेच तो गेला. मागे राहिले सुमारे १४,००० नमुने. त्यांचं म्युझियम लंडनमध्ये आजही आहे.

आता म्हणाल, मेकॅनिकलवाल्याला हे कशाला? सांगतो. कबड्डीत माझ्या गुडघ्याचा एसीएल तुटला. मांडीचा टेंडन काढून, हाडात बोगदा पाडून, त्यात ओढून नवा बसवला. दोन महिन्यांत दुखणं थांबलं, तरी डॉक्टर मैदानावर जाऊ देईनात. माझी जाम चिडचिड व्हायची. मग वाचायला लागलो. अमेरिकेत १९९३ साली २० कुत्र्यांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. त्यांच्या हाडात असाच बोगदा पाडून टेंडन बसवला आणि ठराविक आठवड्यांनी तो ओढून पाहिला, आपण लॅबमध्ये सळई ओढतो तसाच. दोन, चार आणि आठ आठवड्यांना टेंडन बोगद्यातूनच उपसून आला. बाराव्या आठवड्यापासून मात्र बोगद्याने तो सोडला नाही. दुखणं थांबणं वेगळं आणि जोड पक्का होणं वेगळं! वेगवेगळ्या दिवशी उघडून बघायची हंटरचीच पद्धत, सव्वादोनशे वर्षांनंतर.

अर्थात कुत्र्याचा गुडघा म्हणजे माणसाचा नव्हे. तो उभा असतानाही वाकलेला असतो, आणि कुत्र्याला विश्रांती घे म्हणून सांगता येत नाही. त्याचे आठवडे जसेच्या तसे आपल्याला लागू होत नाहीत. म्हणून मेंढ्या, बकऱ्या, डुकरं, ससे यांच्यावरही प्रयोग होतात. प्रत्येक प्राणी थोडं सांगतो, सगळं कुणीच सांगत नाही.

खरं सांगू? माझ्या गुडघ्यातला प्रत्येक स्क्रू मला त्या मुक्या जनावरांची आठवण देतो. शक्य तिथे प्राणी टाळा, संख्या कमी करा, यातना कमी करा, ही तीन तत्त्वं १९५९ साली मांडली गेली. हंटरकडे कुत्र्याशिवाय पर्याय नव्हता. आपल्याकडे कॉम्प्युटर आहे, फायनाइट एलिमेंट आहे. जिवंत पेशी जखम कशी भरतात, हे अजून त्यात पूर्ण उतरत नाही, पण स्क्रूवर किती ताण येईल, बोगदा कुठे पाडावा, हे त्यावर आधी तपासता येतं. आपलं एक चांगलं मॉडेल म्हणजे काही प्राण्यांची सुटका. प्रोजेक्टचा विषय शोधताय ना? हा घ्या!

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल